पुरळ गेलं तरी लघवी तपासत राहा: मुलांमधला उलटणारा एचएसपी घरी कसा सांभाळायचा

लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना सूज आणणाऱ्या आजारांत सगळ्यात जास्त आढळतो तो एचएसपी, म्हणजे हेनॉख-शोनलाइन पर्प्युरा. २०१२ साली चॅपल हिलच्या (रक्तवाहिन्यांच्या आजारांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या) नव्या नामावलीत त्याचं नाव ‘आयजीए व्हॅस्क्युलायटिस’ असं झालं. फायलीत दोन्ही नावं दिसतील, आजार एकच. बहुतेक मुलं दहा वर्षांच्या आतली असतात आणि त्यातही चार ते सहा या वयाची जास्त. सर्दी-खोकला किंवा घसा दुखून एक-दोन आठवडे होतात, मूल बरं झालंय असं वाटतं, आणि एका सकाळी पायांवर लालजांभळे ठिपके दिसतात.

बहुतेक मुलं महिन्याभरात बरी होतात. साधारण तिघांपैकी एकात मात्र आजार उलटतो, बहुधा पहिल्या चार ते सहा महिन्यांत. उलटलेला आजार सहसा पहिल्यापेक्षा सौम्य असतो, आणि तिथेच घात होतो. ठिपके थोडे, पोट फारसं दुखत नाही, मूल खेळतंय, मग कशाला डॉक्टरकडे जायचं, असं वाटतं. पण या आजारात कायमचं नुकसान होऊ शकतं ते मूत्रपिंडाचं, आणि मूत्रपिंड दुखत नाही. ते बिघडतंय हे आधी फक्त लघवीत कळतं. म्हणून या लेखात ठिपक्यांपेक्षा लघवीबद्दल जास्त लिहिलं आहे.

आत काय होतं

आयजीए हे शरीरातलं एक संरक्षक प्रथिन. नाक, घसा, आतडी यांच्या अस्तराचं रक्षण करणं हे त्याचं काम. एचएसपीत त्याच्या एका सदोष प्रकाराचे पुंजके बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत अडकतात, तिथे सूज येते आणि रक्त बाहेर झिरपतं. त्वचेत झिरपलं की ठिपके, आतड्यात झिरपलं की पोटदुखी आणि शौचातून रक्त, मूत्रपिंडात झिरपलं की लघवीत रक्त आणि प्रोटीन. गुडघे आणि घोटे सुजतात, पण सांध्याचं कायमचं नुकसान होत नाही. १८३७ साली शोनलाइन यांनी पुरळ आणि सांधेदुखी यांची सांगड घातली. त्यांचे विद्यार्थी हेनॉख यांनी पुढे १८७४ मध्ये पोटाची आणि नंतर मूत्रपिंडाची लक्षणं त्यात जोडली. आजाराच्या नावात दोघे आले ते त्यामुळे.

ठिपके पायांवर आणि ढुंगणावरच जास्त का येतात? रक्ताचा दाब खालच्या भागात जास्त पडतो म्हणून. मोज्याच्या इलॅस्टिकखाली किंवा चड्डीच्या नाडीखाली ठिपक्यांची ओळच उमटलेली दिसते. मूल दिवसभर धावलं की संध्याकाळी नवे ठिपके उठतात. याचा अर्थ आजार वाढला असा नाही.

हा एचएसपीच आहे याची खात्री

निदान डॉक्टरांनीच करायचं, पण दोन गोष्टी घरी पाहता येतात. काचेचा पारदर्शक पेला ठिपक्यावर दाबून धरा. गोवराचं किंवा ॲलर्जीचं पुरळ दाबाखाली फिकट होतं, एचएसपीचे ठिपके तसेच दिसतात. त्यावरून हलकं बोट फिरवलं तर ते किंचित उंचवटलेले लागतात. मग सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करा. एचएसपीत प्लेटलेट्स नेहमीइतक्या किंवा थोड्या जास्त असतात. कमी असतील तर विचार दुसऱ्याच दिशेने करायचा. आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्यानंतर तो सगळ्यात आधी डेंग्यूचा.

दाबल्यावर फिकट न होणारे ठिपके, सोबत जोराचा ताप आणि मूल सुस्त असेल, तर पेला-बिला काही करत बसू नका. ते मेंदूज्वर पसरवणाऱ्या जंतूंचं लक्षण असू शकतं. थेट मोठ्या रुग्णालयात न्या.

दोन वर्षांच्या आतल्या बाळांत याचाच एक भाऊबंद दिसतो. चेहऱ्यावर, कानांवर, हातापायांवर नाण्यासारखे मोठे जांभळे डाग आणि सूज येते. दिसायला भयंकर, पण मूत्रपिंडाला क्वचितच बाधतो आणि दोन-तीन आठवड्यांत आपोआप जातो.

वही

दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर ठिपके पहिल्यांदा दिसले ती तारीख, मुलाचं वजन, उंची, आणि डॉक्टरांना विचारून या मुलाचा रक्तदाब कितीच्या आत हवा तो आकडा. मुलांचा ‘नॉर्मल’ रक्तदाब वय, उंची आणि मुलगा की मुलगी यावर ठरतो. मोठ्यांचा १२०/८० इथे चालत नाही. पाच वर्षांच्या मुलाचा १२० वरचा आकडा हा चढलेला रक्तदाब आहे, आणि मोठ्यांच्या सवयीने पाहणारा माणूस त्याला ‘एकदम नॉर्मल’ म्हणून मोकळा होतो.

पुढच्या पानांवर उभे रकाने: तारीख, लघवीतलं रक्त, लघवीतलं प्रोटीन, रक्तदाब, पोट, सांधे, नवे ठिपके, औषध, ताप. रोज सगळं भरायची गरज नाही. लघवीच्या दिवशी मात्र एकही रकाना कोरा ठेवू नका.

लघवीची पट्टी

औषधाच्या दुकानात लघवी तपासायच्या पट्ट्या मिळतात. फक्त साखरेच्या नकोत. रक्त आणि प्रोटीन या दोन्ही खुणा असलेल्या मागा.

सकाळी उठल्यावरची पहिली लघवी घ्या. दिवसभर उभं राहून, खेळून काही निरोगी मुलांच्याही लघवीत थोडं प्रोटीन उतरतं. रात्रभर आडवं झाल्यावर ते थांबतं, म्हणून पहिल्या लघवीवर भरवसा ठेवता येतो. त्यासाठी रात्री झोपताना मुलाला लघवीला नेलेलं असावं.

कोरडी, स्वच्छ वाटी थेट धारेखाली धरा. पॉटीतून किंवा कमोडमधून घेतलेली लघवी नको. तिथे ब्लीचचा अंश राहिला असेल तर पट्टी रक्त नसताना रक्त दाखवते.

पट्टी लघवीत एक सेकंद बुडवा, काढा, कड टिश्यूला टेकवून थेंब निथळू द्या आणि पट्टी आडवी धरा. उभी धरली की एका चौकोनाचा रंग दुसऱ्यात उतरतो. आता घड्याळ. प्रत्येक चौकोन किती सेकंदांनी वाचायचा ते डबीवर छापलेलं असतं. रक्त आणि प्रोटीनला बहुतेक पट्ट्यांत ६० सेकंद लागतात. दोन मिनिटांनी पाहिलेला रंग धरायचा नाही, तो गडदच होत जातो. ट्यूबलाइटखाली नको, खिडकीशी उभं राहून जुळवा.

चुका कुठे होतात? डबीत ओल शिरली की पट्ट्या बिघडतात, आणि कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये त्याला फार वेळ लागत नाही. डबीतली ओल शोषणारी पुडी फेकू नका, झाकण लगेच घट्ट लावा, डबी बाथरूममध्ये किंवा फ्रिजमध्ये ठेवू नका, उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा. मुलाला व्हिटॅमिन सी च्या गोळ्या चालू असतील तर लघवीत रक्त असूनही पट्टी ते दाखवत नाही. त्या गोळ्या बंदच ठेवा. खूप घट्ट, पिवळीधमक लघवी असेल तर प्रोटीन ‘किंचित’ दिसू शकतं. तापातही तसंच होतं, म्हणून वहीत तापाचा रकाना. बीट खाल्ल्यावर लघवी लाल दिसते, पण पट्टीवर रक्त उमटत नाही.

पट्ट्या मिळत नसतील किंवा परवडत नसतील तर जवळच्या लॅबमध्ये ‘युरिन रुटीन’ करून घ्या. नुसत्या डोळ्यांनी पाहून ‘लघवी स्वच्छ आहे’ असं ठरवू नका. रक्त खूप उतरल्याशिवाय रंग बदलत नाही.

किती दिवस?

मूत्रपिंडाला बाधा व्हायची असेल तर ती बहुतेक मुलांत पहिल्या चार ते सहा आठवड्यांत दिसते आणि जवळपास सगळ्यांत सहा महिन्यांच्या आत. त्यावरून वेळापत्रक बसतं: पहिला महिनाभर आठवड्यातून एकदा, नंतर तीन महिने पूर्ण होईपर्यंत पंधरवड्यातून एकदा, मग सहाव्या आणि बाराव्या महिन्यात एकेकदा. मधल्या काळात आजाराची शंका आली तर त्या दिवशीही. प्रत्येक वेळी लघवीसोबत रक्तदाबही. एखाद्या डॉक्टरांचं वेळापत्रक थोडं वेगळं असेल तर त्यांचंच पाळा, पण सहा महिन्यांच्या आत कोणी ‘आता गरज नाही’ म्हणालं तर कारण विचारा.

आजार उलटला की हे वेळापत्रक पुन्हा पहिल्या आठवड्यापासून सुरू होतं. पाचव्या महिन्यात दहा ठिपके आले तरी शून्यापासून. यात सूट नको, कारण पहिल्या वेळी मूत्रपिंड वाचलं म्हणून दुसऱ्या वेळी वाचेलच असं नाही.

रक्तदाब मोजताना मोठ्यांचा पट्टा मुलाच्या दंडाला लावला तर आकडा खोटा कमी येतो. फुगणारा भाग दंडाच्या घेराचा ८० ते १०० टक्के भाग व्यापेल इतका हवा. मुलाला पाच मिनिटं पाठ टेकवून शांत बसवा, उजवा हात हृदयाच्या पातळीत, तीन वेळा मोजा. रडत असताना मोजलेला आकडा लिहूच नका.

डॉक्टरांना कधी कळवायचं ते पक्कं ठेवा. प्रोटीन एक प्लस लागोपाठ दोन सकाळी आलं तर दोन दिवसांत. दोन प्लस किंवा जास्त असेल, लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोकाकोलासारखी झाली, सकाळी डोळ्यांभोवती सूज आली, लघवी खूप कमी झाली, किंवा रक्तदाब ठरवलेल्या आकड्याच्या वर गेला, तर त्याच दिवशी. चढलेल्या रक्तदाबासोबत डोकेदुखी, उलट्या किंवा झटका आला तर लगेच रुग्णालयात.

नुसतं रक्त, प्रोटीन नाही आणि रक्तदाब नीट, असं चित्र बऱ्याच मुलांत आठवडे-महिने राहतं आणि जातं. त्याला बहुधा औषध लागत नाही, नजर लागते.

पोट

निम्म्याहून जास्त मुलांचं पोट दुखतं. बेंबीभोवती, येऊन-जाऊन, जेवल्यावर जास्त. काहींचं तर पुरळ यायच्या आधीच दुखतं आणि अपेंडिक्सची शंका येते.

इथे घरगुती उपाय खरंच धोक्याचे ठरतात. एरंडेल देऊ नका. ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळून घेऊ नका. एनिमा नको. सुजलेल्या आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरून अडकू शकतो. हे थोड्याच मुलांत होतं, पण झालं तर वेळ काढून चालत नाही. कळ आली की मूल पाय पोटाशी घेतं, पांढरंफटक पडतं, मग थोडा वेळ शांत होतं. हिरवट उलटी किंवा जेलीसारखं रक्तमिश्रित शौच झालं की तडक सोनोग्राफी असलेल्या रुग्णालयात जा, आणि वाटेत काही खाऊ-पिऊ घालू नका. एचएसपीत ही अडकण बहुधा लहान आतड्यातच होते, म्हणून ती हाताला लागेलच असं नाही.

मुलाच्या अंडकोशाला एकाएकी सूज आणि दुखणं आलं तर तेही याच आजाराचं असू शकतं, पण अंडकोशाला पीळ पडला असेल तर काही तासांतच तो वाचवावा लागतो. म्हणून रात्रीचे दोन वाजले असतील तरी तेव्हाच डॉप्लर सोनोग्राफी (रक्तप्रवाह दाखवणारी).

दुखण्यावरचं औषध

पहिली पसंती पॅरासिटामॉल. मात्रा वजनावर: दर किलोला १५ मिलिग्रॅम, सहा तासांनी, दिवसातून जास्तीत जास्त चार वेळा. १६ किलोच्या मुलाला एका वेळी २४० मिलिग्रॅम. आता बाटली नीट वाचा. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेलं सिरप असेल तर १० मिलिलिटर, २५० वालं असेल तर साधारण ४.८ मिलिलिटर. लहान बाळांच्या थेंबांत दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असतात. ते थेंब सिरपच्या मापाने दिले तर चौपट डोस जातो. मोजायला सुईविना सिरिंज घ्या, घरातला चमचा नको.

आयबुप्रोफेन सांधेदुखीला चांगलं, पण मूत्रपिंडाला बाधा, पोटात रक्तस्राव किंवा डेंग्यूची शंका असेल तर नको. अडचण अशी की ते आपल्याकडे पॅरासिटामॉलसोबत एकाच बाटलीत येतं, आणि पोटदुखीच्या अनेक औषधांत मेफेनॅमिक ॲसिड असतं, जे त्याच कुळातलं. दुकानदाराकडून मागून आणलेल्या प्रत्येक बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा.

सांध्यांना विश्रांती, पायाखाली उशी. पाय जोराने रगडू नका, दाबाच्या जागी नवे ठिपके येतात.

आजार उलटला तर

महिनाभर काहीच नव्हतं आणि पुन्हा ठिपके, सांधे किंवा पोट सुरू झालं, तर तो उलटलेला आजार. त्याआधी आलेले नवे ठिपके बहुधा पहिल्याच आजाराची पुढची लाट. जुने डाग लाल, जांभळे, तपकिरी, पिवळट होत दोन आठवड्यांत जातात. नव्या-जुन्यात गोंधळ नको म्हणून दर दोन दिवसांनी एकाच उजेडात, शेजारी नाणं ठेवून फोटो काढा.

त्या दिवशी: पट्टी, रक्तदाब, वजन. घसा, कान, दात, त्वचा पाहून घ्या, कुठे जंतुसंसर्ग आहे का. घशात स्ट्रेप्टोकोकस सापडला तर अँटिबायोटिक पूर्ण द्या. ‘पुन्हा होऊ नये’ म्हणून महिनोन् महिने अँटिबायोटिक देण्याला मात्र आधार नाही. दोन-तीन दिवस धावपळ कमी. वहीत नवं पान, नवी शून्य तारीख.

वारंवार फक्त त्वचेवर उलटणाऱ्या आजाराला तज्ज्ञ कधी डॅप्सोन किंवा कोल्चिसिन देतात. डॅप्सोनआधी जी-६-पीडी तपासणी झालीच पाहिजे. ते विकर (एन्झाइम) कमी असलेल्या मुलाच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटतात.

दर वेळी ताप येतोय, वजन घटतंय, ठिपके चेहऱ्या-छातीवर जास्त आहेत, त्वचेवर जाळीसारखी नक्षी किंवा जखमा आहेत, किंवा सी-३ (रक्तातलं एक संरक्षक प्रथिन) कमी आलंय, तर हा एचएसपी नसून ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) किंवा रक्तवाहिन्यांचा दुसरा आजार असू शकतो. अशा वेळी बालसंधिवाततज्ज्ञांचं मत घ्या.

स्टिरॉइड

स्टिरॉइडने पोटाची कळ लवकर थांबते. पण सुरुवातीलाच दिल्याने मूत्रपिंडाची बाधा टळत नाही, हे मोठ्या चाचण्यांत दिसलं आहे. म्हणून नुसत्या ठिपक्यांसाठी किंवा ‘पुढे होऊ नये’ म्हणून ते मागू नका, आणि खरोखर गरज असताना नाकारूही नका.

पोटासाठी प्रेडनिसोलोन साधारण दर किलोला १ ते २ मिलिग्रॅम रोज, आणि मग दोन-तीन आठवड्यांत हळूहळू कमी. घाईने बंद केलं की पोट पुन्हा दुखतं आणि घरच्यांना वाटतं आजार उलटला. सकाळी नाश्त्यानंतर द्या. सततच्या उलट्या असतील तर ते पोटात टिकत नाही, शिरेतून द्यावं लागतं.

सगळ्यात मोठी चूक बाटलीची. प्रेडनिसोलोनचं सिरप ५ मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम आणि ‘फोर्ट’ म्हणून १५ मिलिग्रॅम असं दोन ताकदींत मिळतं. १६ मिलिग्रॅमचा डोस साध्या सिरपचा १६ मिलिलिटर होतो. बाटली संपली, दुकानातून फोर्ट आली आणि माप तेच राहिलं, तर मुलाला ४८ मिलिग्रॅम जातात. डॉक्टरांकडून डोस मिलिग्रॅममध्ये लिहून घ्या आणि मिलिलिटर स्वतः मोजा.

भूक वाढेल, चेहरा भरेल, चिडचिड होईल, औषध थांबलं की हे जातं. त्या काळात मीठ कमी: पापड, लोणचं, फरसाण, वेफर्स बाजूला. कांजिण्या झालेल्या मुलाशी संपर्क आला आणि तुमच्या मुलाला कांजिण्या किंवा त्यांची लस झालेली नसेल, तर अंगावर काही दिसायची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. रोज दर किलोला २ मिलिग्रॅम किंवा एकूण २० मिलिग्रॅमहून जास्त डोस दोन आठवडे चालला असेल, तर गोवर-रुबेला, कांजिण्या यांसारख्या जिवंत लशी आणि पोलिओचे थेंब औषध बंद होऊन महिना होईपर्यंत थांबवतात. पोलिओ रविवारी घरी आलेल्या ताईंना हे स्पष्ट सांगा.

मूत्रपिंडाला बाधा झाली तर

पट्टीवर प्रोटीन टिकून राहिलं की सकाळच्या लघवीतल्या प्रोटीन-क्रिएटिनिनचं प्रमाण काढतात. दोन वर्षांवरच्या मुलात ते ०.२ च्या आत हवं. २ च्या वर म्हणजे बरंच प्रोटीन जातंय. सोबत रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड गाळून टाकतं तो टाकाऊ पदार्थ) आणि अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन). प्रमाण खूप जास्त असेल, मध्यम असूनही महिनोन् महिने टिकत असेल, किंवा क्रिएटिनिन वाढत असेल, तर बालमूत्रपिंडतज्ज्ञ बायॉप्सी सुचवतात. तिला घाबरून वेळ काढू नका. सुईएवढ्या तुकड्यावरून ठरतं की नुसतं एनालाप्रिल (रक्तदाब आणि लघवीतलं प्रोटीन कमी करणारं औषध) पुरेल, स्टिरॉइडचे तीन दिवसांचे मोठे डोस लागतील, की सायक्लोफॉस्फामाइड या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या जोरकस औषधापर्यंत जावं लागेल.

एनालाप्रिल चालू असताना उलट्या-जुलाब झाले तर ते तात्पुरतं थांबवायचं का, हे डॉक्टरांना आधीच विचारून वहीत लिहून ठेवा. मूल कोरडं पडलं असताना ते दिलं तर मूत्रपिंडावर ताण येतो. याच औषधाने रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून ‘अशक्तपणा आहे’ म्हणून रोज नारळपाणी देण्याआधी विचारा.

खाणं आणि शाळा

‘अंगात उष्णता झाली’ म्हणून अंडी, वांगी, आंबा बंद करण्याचं काही कारण नाही. या पथ्यांनी मूल फक्त अर्धपोटी राहतं. पोट दुखत असेल तेव्हा मऊ भात, वरण, थोडं थोडं. आजार संसर्गजन्य नाही. ताप नसेल आणि चालता येत असेल तर डाग दिसत असतानाही शाळेत पाठवा, फक्त पीटीला दोन आठवडे सुट्टी मागा आणि बाईंना एक चिठ्ठी द्या: पोटात कळ, उलटी किंवा लाल लघवी झाली तर लगेच फोन करा.

बाराव्या महिन्याची लघवी आणि रक्तदाब दोन्ही स्वच्छ निघाले आणि मूत्रपिंडाला कधीच बाधा झाली नव्हती, तर वही बंद करता येते. बाधा झाली असेल तर वर्षातून एकदा तपासणी पुढे चालू ठेवा. मुलगी असेल तर ही वही आणि बायॉप्सीचा कागद तिच्या लग्नानंतरही जपून ठेवा: गरोदरपणात तिचा रक्तदाब आणि लघवीतलं प्रोटीन नेहमीपेक्षा बारकाईने पाहावं लागेल, आणि पहिल्याच भेटीत तिच्या डॉक्टरांना लहानपणच्या आजाराबद्दल माहीत असायला हवं.